गोव्यात अग्निशामक दलासोबत स्वयंसेवक व्हायचंय? मग सुरुवात अशी करा

"फायर ब्रिगेडमध्ये व्हॉलंटियर घेतात काय?" हा प्रश्न आमच्या भागातली पोरं-पोरी सगळ्यात जास्त मार्चमध्ये विचारतात, डोंगरावर धूर दिसायला लागला की. आणि 2025 च्या डिसेंबरात हडफडेला नाइटक्लबला आग लागून 25 जण गेले त्यानंतर तर हा प्रश्न शहरातली माणसंही विचारायला लागली. मला फार बरं वाटतं कोणी विचारलं की, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते म्हणजे नंतर निराशा नको. अमेरिकेत गावागावात स्वयंसेवकांची फायर कंपनी असते, 1736 मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात तशी कंपनी काढली तेव्हापासनंची ती पद्धत, तिथे दुकानदार, शेतकरी, मास्तर हेच लोक सायरन वाजला की हातातलं काम टाकून बंब घेऊन निघतात. गोव्यात तसं नाही. इथे दल सरकारी आहे, जवान पगारी आहेत, मुख्यालय पणजीला सांत इनेजला आणि म्हापसा, पेडणे, डिचोली, वाळपई, फोंडा, मडगाव, वास्को, कुडचडे, काणकोण अशी ठिकठिकाणी स्टेशनं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बंबावर चढायला मिळेल आणि नॉझल हातात येईल असं डोक्यात घेऊन जाऊ नका.

पण काम भरपूर आहे, आणि ते काम दुसरं कोणी करत नाही. वाळपईहून बंब सुटला तरी सत्तरी तालुक्याच्या आतल्या एखाद्या वाड्यावर पोचेपर्यंत वळणं, चढ, अरुंद रस्ता सगळं आडवं येतं, जवान कितीही चपळ असले तरी गाडी उडून येत नाही. तो मधला वेळ वाड्यावरच्या माणसांच्या हातात असतो. त्या वेळात काय करायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे ज्याला शिकवलंय असा एक तरी माणूस प्रत्येक वाड्यावर हवा असं मला मनापासून वाटतं.

आता आत शिरायचं कुठून ते सांगते.

सगळ्यात सोपं म्हणजे जवळच्या स्टेशनवर जाऊन भेटायचं. फोन नको, प्रत्यक्ष जा, सकाळच्या वेळी जा, आणि 101 वर तर अशा कामासाठी अजिबात फोन करू नका, ती लाइन मोकळी राहायला हवी. स्टेशन ऑफिसरना सांगा की मी अमुक गावचा, आमच्या गावात मला स्वयंसेवक म्हणून तयार व्हायचंय, ट्रेनिंग कधी असतं, आणि आमच्या पंचायतीत डेमो ठेवायला तुम्ही याल काय. हा दुसरा प्रश्न विसरू नका. एकटा माणूस आला की नाव लिहून घेतात, पण पंचायतीचं पत्र घेऊन दहा-वीस जणांच्या वतीने आलात की तारीख मिळण्याची शक्यता बरीच वाढते. पत्र सरपंचांच्या सहीने लेटरहेडवर असावं, ग्रामसभेत विषय मांडून घेतला तर उत्तमच.

14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह, तो तर सोडूच नका. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीवर आग लागून स्फोट झाले, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा आठवडा पाळतात. या दिवसांत जवान शाळा, कंपन्या, बाजार असं फिरून प्रात्यक्षिकं देत असतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला, साहित्य जवळून बघायला ही चांगली वेळ.

दुसरी वाट आपदा मित्रची. ही केंद्राची योजना, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि पुढे 350 जिल्ह्यांपर्यंत वाढवली, एक लाख स्वयंसेवक तयार करायचे म्हणून. बायकांना आपदा सखी म्हणतात. योजनेचे नियम साधारण असे: वय 18 ते 40, शिक्षण निदान सातवी, तब्येत धडधाकट, आणि त्याच जिल्ह्यातला रहिवासी. ट्रेनिंग 12 दिवसांचं, त्यात आग, पूर, बुडणाऱ्याला काढणं, प्रथमोपचार, दोरीच्या गाठी, ढिगाऱ्यातनं माणूस काढणं असं सगळं येतं. ओळखपत्र, सर्टिफिकेट, विमा आणि एक किट असतं ज्यात हेल्मेट, गमबूट, टॉर्च, लाइफ जॅकेट, फर्स्ट एड अशा वस्तू. बॅच रोज उठून लागत नाहीत. कलेक्टर ऑफिसातल्या आपत्ती व्यवस्थापन विभागात आणि मामलेदाराकडे नाव देऊन ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी विचारत राहा, लाजू नका. कॉलेजात असाल तर एनएसएस किंवा एनसीसीच्या सरांकडे युवा आपदा मित्रची चौकशी करा, ती वाट खास तुमच्यासाठीच काढलेली आहे.

तिसरी, नागरी संरक्षण, म्हणजे सिव्हिल डिफेन्स. 1968 च्या कायद्याखालचं दल, 18 वर्षं पूर्ण आणि चौथी पास एवढी किमान अट, काम मानद, आणि 2009 च्या दुरुस्तीनंतर युद्धाबरोबर नैसर्गिक आपत्तीचं कामही त्यांच्याकडे आलं. आगीशी लढणं हा त्यांच्या कामाचा जुना भाग आहे. वय चाळिशीच्या पुढे गेलंय म्हणून आपदा मित्रला बसत नसाल तर इथे विचारा.

कुठेही गेलात तरी आधार, पासपोर्ट फोटो, शाळेचा दाखला, रक्तगट आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट एका फाइलमध्ये घालून ठेवा. दमा असेल, बीपी असेल, फिट येत असेल तर लपवू नका. धुरात दम लागून तुम्हीच खाली बसलात तर दोन माणसं तुमच्यामागे लागणार. आणि अशा माणसालाही काम असतंच, फोन सांभाळणं, रस्ता मोकळा करणं, म्हाताऱ्यांना बाहेर आणणं, यादी धरून सगळे बाहेर आले काय ते मोजणं. खरं तर शेवटचं काम सगळ्यात मोलाचं आहे, कारण "आत कोणी आहे काय" या प्रश्नाला घोळक्यातनं पाच उत्तरं येतात आणि जवानांचा वेळ तिथेच जातो.

नोकरीसाठी म्हणून येणार असाल तर थोडं थांबून विचार करा. भरती वेगळी, तिची जाहिरात वेगळी, स्वयंसेवकाच्या सर्टिफिकेटने नोकरी पक्की होत नाही. कोणी पैसे घेऊन फायरमध्ये लावतो म्हणत असेल तर त्याच्यापासनं लांब राहा.

ट्रेनिंगमध्ये काय असतं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं भिंतीवर चढायचं आणि ज्वाळांतनं उडी मारायची. सुरुवात होज गुंडाळण्यापासनं होते. 63 मिलिमीटरचा कॅनव्हासचा पाइप, 15 मीटर लांब, एका टोकाला नर कपलिंग म्हणजे आत बसणारा जोड, दुसऱ्या टोकाला मादी. तो मधोमध दुमडून घडीकडनं गुंडाळत आणायचा, दोन्ही कपलिंग बाहेरच्या बाजूला एकमेकांजवळ राहिली पाहिजेत, नराचं तोंड आतल्या पदरावर ठेवायचं, म्हणजे ते जमिनीवर आपटून चेपत नाही. मग एका हातात दोन्ही टोकं धरून गुंडाळी पुढे फेकली की पाइप सरळ उलगडत जातो. गुंडाळताना पीळ राहिला तर पाणी सोडल्यावर तिथेच गाठ बसते आणि पुढे नॉझलवाल्याच्या हातात नुसती धार येते. म्हणून पोरांना तीच तीच गुंडाळी परत परत करायला लावतात, कंटाळा येतो, पण करा. आणि पाणी भरलेला पाइप पहिल्यांदा धरला की कळतं की तो माणसाला मागे रेटतो, एक पाय पुढे टाकून अंगाचं वजन पुढे ठेवावं लागतं, मागे एक जण पाइप काखेत धरून उभा लागतोच. नॉझल बंद-उघड हळूच करायचं, झटक्याने बंद केलं तर आतलं पाणी दणका मारतं.

मग एक्स्टिंग्विशर. हा प्रत्येकाला यायलाच हवा, स्वयंसेवक व्हा अगर होऊ नका. दाबाचा काटा हिरव्यात आहे काय बघा, पिन ओढा, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. साधारण दोन मीटरवर उभं राहायचं आणि पाठ दाराकडे, म्हणजे जमलं नाही तर मागच्या मागे निघता येतं. घरगुती लहान एक्स्टिंग्विशर जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतो, त्यात विझली तर विझली, नाही तर दार ओढून घ्या आणि बाहेर. तेलाच्या कढईवर पाणी कधीच टाकू नका, पाण्याची वाफ होताना ते सतराशे पटीच्या आसपास फुगतं आणि पेटलेलं तेल सगळ्या स्वयंपाकघरात उडवतं. गॅस बंद करून झाकण सरकवत ठेवायचं, बस्स.

सिलिंडरची भीती सगळ्यांना असते आणि ती बरोबरच आहे, पण भीतीने माणसं उलटं करतात. नुसता वास येतोय, आग नाही, तर बटण लावू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊनच 1906 ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, त्यामुळे वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडा. आणि सिलिंडर स्वतःच ज्वाळेत सापडला असेल तर तिथे थांबायचंच नाही, कोणी कितीही म्हणू दे.

धुराबद्दल मी परत परत सांगत राहणार. आगीत माणसं भाजून जातात त्याहून जास्त धुराने जातात, हडफडेलाही बरेचसे गुदमरूनच गेले. जवान आत जातात ते पाठीवर बीए सेट घेऊन, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क. तुमच्या तोंडावरचा ओला रुमाल म्हणजे बीए सेट नव्हे, त्याने कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. धुराने भरलेल्या घरात स्वयंसेवकाने जायचं नाही. मला ठाऊक आहे की आत कोणी ओळखीचं असलं तर हे ऐकवत नाही. तरीही.

मग करायचं काय? फोन. पण फोन करण्यातही शिकण्यासारखं आहे. "आमच्याकडे आग लागली, लवकर या" म्हणून फोन ठेवतात लोक. 101 किंवा 112 लावा, गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा कपेल, मोठ्या रस्त्यावरनं कुठल्या बाजूला वळायचं, काय पेटलंय, आत माणसं आहेत काय, सिलिंडर किंवा डिझेल आहे काय, आणि मोठी गाडी आत येईल काय हे सांगा, आणि समोरचा ठेवेपर्यंत तुम्ही फोन ठेवू नका. मग एक माणूस मोठ्या रस्त्यावर उभा करा, रात्र असेल तर टॉर्च घेऊन. गोव्यात एका नावाचे वाडे किती आहेत ते सांगायला नको, चुकीच्या वळणावर बंब शिरला तर मागे घ्यायलाच किती वेळ जातो. दुसरा माणूस गाड्या हलवायला लावा. बघ्यांच्या स्कूटर्स, टेम्पो, लग्नाला आलेल्यांच्या कार, या सगळ्या अरुंद वाटेवर आधी तिथे लावलेल्या असतात. तिसऱ्याने मेन स्विच पाडायचा आणि लायनमनला कळवायचं. तार तुटून पडली असेल तर जवळपास कोणाला फिरकू देऊ नका, ती मेलेली आहे असं कधीच समजू नका.

भाजलेल्या माणसाला वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको, हळद नको. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा, चिकटलेला कपडा ओढू नका. 108 बोलवा. श्वास नसेल तर सीपीआर, म्हणजे हातांनी छाती दाबत राहायची, छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120, पण हे वाचून येत नाही, बाहुल्यावर हात दुखेपर्यंत करून बघावं लागतं, म्हणून तर ट्रेनिंग.

आता डोंगर. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला दिवसेंदिवस आगी चालल्या, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, तरी जमिनीवर फांद्या घेऊन चालणारी माणसं लागलीच. काजूच्या बागायतीत बोंडं पडायच्या आधी खालचं गवत-पाला साफ करायला जाळतात, वारा फिरला की ते हाताबाहेर जातं. जंगलाच्या आगीत वन खात्याच्या माणसांबरोबरच जायचं, एकटं कधी नाही. सुती कपडे, पूर्ण बाह्या, बूट, पाण्याची बाटली. बायकांनी नायलॉनची ओढणी किंवा साडी नेसून अजिबात जाऊ नये, ती वितळून अंगाला चिकटते. आग चढाला झपाट्याने वर धावते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, बाजूने आणि जळून गेलेल्या काळ्या भागातनं काम करायचं. हिरव्या फांदीने आपटायचं म्हणजे उचलून जोरात हाणायचं नाही, त्याने निखारे पुढच्या सुक्या पाल्यात उडतात, दाबून ओढत आणायचं, जळलेल्या बाजूकडे. पुढे दोघांनी पाला खरवडून माती दिसेपर्यंत पट्टा काढायचा. दुपारी वारा वाढतो, तेव्हा मागे हटायची वाट आधी बघून ठेवा. आणि विझली म्हणून लगेच घरी येऊ नका, सुकं खोड आतनं धुमसत राहतं आणि संध्याकाळी परत पेटतं, उलट्या हाताने जवळनं ऊब लागते काय ते बघायचं. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं तर आपल्या भागातल्या आगीचे अलर्ट मोबाइलवर येतात, तेही करून ठेवा.

पावसात आग कमी आणि झाडं जास्त. जूनमध्ये दलाचे जवान करवत घेऊन दिवसरात्र रस्त्यावरची झाडं कापत असतात, विहिरीत पडलेली गुरं काढत असतात. अशा वेळी स्वयंसेवकाने झाडावर चढायचं नाही, दोन्ही बाजूंनी वाहनं थांबवायची, तार अडकलीय काय बघायची आणि फोटो काढणाऱ्यांना मागे रेटायचं. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करायला लोक पोलिसांच्या भानगडीला घाबरतात, पण 2019 च्या मोटर वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने असा मदत करणारा कायद्याने सुरक्षित आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

ट्रेनिंग मिळायला वेळ लागणार असेल तर तोवर बसून राहू नका, वाड्याचा नकाशा काढा. साध्या वहीच्या पानावर. बारमाही विहीर कुठे, तळी कुठे, बंब कुठपर्यंत येतो आणि कुठे अडकतो, कोणाच्या कुंपणाचं गेट काढता येतं, कोणाकडे पाण्याचा टँकर आहे, कोणाकडे पंप आणि लांब पाइप आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात, फेणीची भाटी कुठे लागते, डिझेलचे कॅन कोण साठवतो. मग या पानाची एक प्रत स्टेशनवर नेऊन द्या. एवढं काम करून गेलेल्या माणसाला स्टेशनवर पुढच्या वेळी कोणी विसरत नाही. चवथीच्या आधी मंडपातली वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि नरकासुर जाळायची जागा तारांपासनं, गवतापासनं लांब ठरवा, बाजूला पाण्याचे दोन पिंप भरून ठेवा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, मंडळाच्या मीटिंगला जाऊन उठून बोलावं लागतं फक्त.

घरच्यांशीही आधीच बोला. रात्री दोनला फोन आला की तुम्ही उठून जाणार आहात, कोणाबरोबर जाणार, कोणाला कळवून जाणार हे ठरवून ठेवा, आणि घटनास्थळी पोचलात की पहिल्यांदा जवानांच्या प्रमुखाला किंवा पंचाला नाव सांगा, परत निघताना सांगून निघा. स्टेशनवाले सांगतील तेच करायचं, पटलं नाही तर नंतर विचारायचं. शिकलेलं विसरतं, म्हणून वर्षातनं दोनदा तरी वाड्यावर जमून फोन कोण करणार, रस्त्यावर कोण उभं राहणार, मेन स्विच कोण पाडणार याची रंगीत तालीम करा. एक जानेवारीच्या शेवटी, डोंगर सुकायच्या आधी, आणि एक मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या अलीकडे.